वायरचं दुसरं टोक

आबांना 'कधीकधी' हा शब्द सहन होत नसे. एखाद्या गिऱ्हाइकाचा फोन यायचा, "आबा, कनेक्शन कभी कभी कट जाता है," आणि आबांचं तोंड कारल्याचा घास घेतल्यासारखं व्हायचं. "कभी कभी कुछ नहीं होता," ते अगदी शांतपणे सांगायचे. "किसी एक वक्त होता है. वो वक्त बताइए." गिऱ्हाईक बिचारं काय सांगणार? त्याला कापडाच्या ऑर्डरी पाठवायच्या असत. तो वैतागून फोन ठेवायचा आणि आमच्या मालकांकडे तक्रार करायचा, की तुमचा माणूस दुरुस्ती करत नाही, उलटतपासणी घेतो.

नव्वदीचं दशक तेव्हा संपत आलं होतं. सुरतेत रिंग रोडवरच्या एका इमारतीत आमची कंपनी होती. कंपनी म्हणजे काय, तर मालक केतनभाई, आबा आणि मी. कापडबाजारात, मिलमध्ये, दवाखान्यांत आम्ही कॉम्प्युटर बसवून द्यायचो आणि ते एकमेकांशी जोडायचो. जोडायचं ते टेलिफोनच्या लाइनवरून. मॉडेम नावाचा एक डबा किंचाळत पलीकडचा नंबर फिरवायचा आणि नंबर लागला तर पडद्यावर पान उमटायचं, तेही ओळ ओळ करत, लग्नातल्या पंगतीत वाढपी येतो तसं. मधेच लाइन तुटली की पान तिथेच अडकायचं आणि माणसाला वाटायचं अजून येतंय.

आबा पन्नाशीचे होते. आम्ही दोघंही खानदेशचे, ते अमळनेरकडचे आणि माझे वडील पारोळ्याकडचे, जरीच्या कारखान्यात कामाला. पण ऑफिसात आबा माझ्याशी एक शब्द अहिराणीत बोलले असतील तर शपथ. मी वीस-बावीस वर्षांची पोर, आणि मला ते "अहो" म्हणायचे. चहावाल्यालाही "अहो" आणि ऑफिसच्या दारात झोपणाऱ्या वॉचमनलाही "अहो, जरा पाय घ्याल का?" केतनभाई गंमतीने म्हणायचे, की हे घरी मांजरालाही अहोच म्हणत असणार. ते खरं होतं. मी ऐकलं आहे.

त्यांच्या मोपेडच्या मागे घडीचं एक लोखंडी स्टूल बांधलेलं असे. पेचकस, टेस्टर, पक्कड हे सगळं ओझं माझ्या पिशवीत. आबांचं हत्यार ते स्टूल. गिऱ्हाइकाकडे गेलं की ते एका कोपऱ्यात स्टूल उघडायचे, मांडीवर हात ठेवायचे आणि बसायचे. मशीनला हात नाही, काही नाही. दुसरा कुठलाही इंजिनियर आल्याआल्या मशीन बंद करून चालू करतो. आबांच्या लेखी ते महापाप होतं. "घरात चोरी झाली तर तुम्ही आधी केर काढता का हो?" असं त्यांनी एकदा केतनभाईंना चारचौघांत विचारलं होतं. केतनभाई तसे भले. दुसरा मालक असता तर त्याच दिवशी स्टुलासकट बाहेर काढलं असतं.

बसून झालं की प्रश्न सुरू व्हायचे, आणि तेही मशीनबद्दल नव्हेत. त्या वेळी आणखी काय चाललं होतं? चहा आला होता का? कोण उठलं, कोण बसलं? पंखा चालू होता? शेजारच्या गाळ्यात काय चाललं होतं? माणसं आधी हसायची, मग चिडायची आणि शेवटी बोलायला लागायची. मशीनवर बसणाऱ्याचं म्हणणं आबा कधी खोटं धरत नसत. "बसणारा खोटं बोलत नाही," ते म्हणायचे. "आपण पुरतं ऐकलेलं नसतं."

आणि वायर. वायर दिसली की ते ती चिमटीत धरून चालू लागायचे. टेबलामागून, कपाटामागून, पोटमाळ्यावरून, दुसऱ्याच्या दुकानातून, जिथे जाईल तिथे. दोन्ही टोकांना हात लावल्याखेरीज ती वायर आपल्याला माहीत आहे असं म्हणू नये, हा त्यांचा कायदा होता. त्यापायी मी किती जळमटं डोक्यावर घेतली आहेत, त्याला गणती नाही. मला वाटायचं, हा माणूस मला शिकवतोय की माझ्यावर सूड उगवतोय?

बाजारातल्या एका शेठजींचा किस्सा सांगते. त्यांच्या दुकानातले सगळे कॉम्प्युटर दुपारचे बंद पडायचे आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू व्हायचे. तीन कंपन्यांचे लोक येऊन हात टेकून गेले होते. आबा दोन दुपारी स्टुलावर बसले. तिसऱ्या दुपारी उठून गादीवर बसलेल्या शेठजींपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "शेठजी, कारण आप हैं." शेठजी जेवून तक्क्याला रेलले की मागच्या भिंतीवरचा वायरीचा सांधा दबायचा. ते झोपून उठले की सांधा पुन्हा बसायचा. वाकून तक्क्या दोन वीत पुढे ओढला असता तर काम झालं असतं. कुणाला कळलंही नसतं. पण आबांनी कागदावर लिहून दिलं: कारण, शेठजींचं रेलणं. सगळे गुमास्ते हसले आणि गिऱ्हाईक गेलं.

मी परत येताना भडकले होते. "आबा, सांध्याचं नाव लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"कारणाचं नाव लिहायचं असतं अहो. कारणाला मानमरातब नसतो."

त्यांच्या बायकोला आम्ही माई म्हणायचो. लिंबायतला दोन खोल्यांत दोघंच राहायचे. मी कधी गेले की माई ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढायच्या आणि नवऱ्याच्या देखत माझ्याकडे गाऱ्हाणं करायच्या, "यास्ना डोकामा एकच किडा शे, माय. मीठ कमी पडनं तरी इचारतस, त्या टाइमले काय चालू व्हतं?" आबा खाली मान घालून जेवत राहायचे. माईंशी मात्र ते अहिराणीत बोलायचे, आणि हळू.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. पुढचं येत नाही.

शहरातल्या एका रक्तपेढीने एक नवी सोय केली होती. दवाखान्यांनी मॉडेमवरून रक्तपेढीच्या मशीनला नंबर लावायचा, ब्राउझरमध्ये पान उघडायचं, कुठल्या गटाच्या किती बाटल्या आहेत ते बघायचं आणि तिथेच मागणी भरून बटण दाबायचं. पलीकडे मागणी दिसली की माणूस बाटली घेऊन निघणार. पान दुसऱ्या एका कंपनीने केलं होतं, लाइनी आणि जोडणी आमच्याकडे. तेव्हा ते फार नवलाचं वाटायचं. फोनवर नाव सांगा, गट सांगा, पलीकडच्याला ऐकू येत नाही, पुन्हा सांगा, ही सगळी कटकट संपणार होती.

कतारगामातल्या एका प्रसूतिगृहात आम्ही हे बसवलं. खाली दवाखाना आणि वर डॉक्टरांचं घर. डॉक्टर गुजराती, शांत स्वभावाचे. दवाखान्याचा फोन सतत वाजत असे, म्हणून त्यांनी कॉम्प्युटरला आपल्या घरची लाइन दिली. काउंटरवर वंदना नावाची मुलगी बसायची. शिंदखेड्याकडची, वडील उधन्याला लूमवर. बारावी झालेली, हुशार, आणि टंकलेखन असं की मीच बघत राहायची. तिच्या घरात तिच्याआधी कुठलीही मुलगी कामाला बाहेर पडली नव्हती. वडिलांनी भाऊबंदांचे टोमणे खाऊन तिला धाडली होती.

थोड्याच दिवसांत तिची तक्रार आली. कनेक्शन तुटतं. रोज नाही. दिवसा कधीच नाही. संध्याकाळी दिवे लावायच्या सुमाराला तुटतं आणि पुन्हा नंबर लावायला गेलं तर लाइनच मिळत नाही. मग जरा वेळाने सगळं ठीक. केतनभाई सकाळी जाऊन बघून आले आणि सगळं झकास चालतंय असं सांगितलं. पुन्हा तक्रार आली तेव्हा त्यांनी मॉडेम बदलला, आणि काय आश्चर्य, तक्रार थांबली. महिना गेला, दुसराही गेला. केतनभाई खूश. आबांनी मात्र मान हलवली. "बदललेल्या मॉडेमात काय बिघाड होता?" केतनभाई म्हणाले, काय असेल ते असेल, चालतंय ना? "आपोआप बरं झालेलं आपोआप परत येतं," आबा म्हणाले. पण तेव्हा आम्हाला एका मिलचं मोठं काम मिळालं होतं आणि आबांना तिकडे अडकावं लागलं.

ते परत आलं, आणि नको त्या संध्याकाळी आलं.

बळीराम नावाच्या लूम कामगाराची बायको बाळंत झाली आणि तिला रक्तस्राव सुरू झाला. डॉक्टरांनी आतून गट ओरडून सांगितला. वंदनाने पान उघडलं, मागणी भरली, बटण दाबलं. पडद्यावर वाळूचं घड्याळ फिरायला लागलं, ते तेव्हा नेहमीच फिरायचं. तेवढ्यात बाईचे नातेवाईक रडत काउंटरवर आले, म्हणून ती उठली. आत सगळ्यांना वाटलं रक्त निघालंय. बराच वेळ बाटली आली नाही तेव्हा वंदनाने दवाखान्याच्या फोनवरून रक्तपेढीला विचारलं. पलीकडचा म्हणाला, कसली मागणी? आमच्याकडे काही आलेलंच नाही. मग धावाधाव झाली, रक्त आलं, पण बाई गेली. बाळ वाचलं.

वेळेवर रक्त आलं असतं तर ती जगली असती का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. तसं त्यांनी बळीरामला सांगितलंही. पण असल्या प्रसंगी माणसाला कुणीतरी दोषी लागतं. दवाखान्याच्या मॅनेजरने ते शोधून दिलं. म्हणे, ही मुलगी फोनवर गप्पा मारते. म्हणे, हिने मागणी पाठवलीच नव्हती आणि आता खोटं बोलते. कुणाशी गप्पा मारते, तेही लोकांनी आपापल्या मनाने ठरवून टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. वंदनाला घरी बसवलं.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील तिला घेऊन आमच्या ऑफिसात आले. आबांनी दोघांना खुर्च्या दिल्या, पण म्हातारा बसेना.

"मन्ही पोरनं नाव खराब व्हई गयं, आबा," तो म्हणाला. "आठ दिनमा तिले गावले लई जास. सोयरीक देखी ठेयेल शे."

वंदना भिंतीकडे तोंड करून उभी होती. "मी बटन दाबं व्हतं," ती म्हणाली. "मन्ही मायनी शप्पथ, दाबं व्हतं."

आणि मग आबा ऑफिसात पहिल्यांदा अहिराणीत बोलले. "तू दाबं व्हतं, बेटा. माले माहीत शे." त्यांनी तिला अहो म्हटलं नाही, हे माझ्या लक्षात आलं. वडिलांना त्यांनी आठ दिवस थांबायला सांगितलं.

सोयरीक कुठली ते मला नंतर कळलं. मुलगा बरा नव्हता, एवढंच लिहिते. आठ दिवसांत कारण सापडलं नाही तर ती मुलगी कपाळावर खोटेपणाचा आणि एका मृत्यूचा शिक्का घेऊन त्या घरात जाणार होती, आणि आयुष्यभर तिला कुणी विचारणारही नव्हतं, की बाई, तू बटण दाबलं होतंस का?

आबांनी मिलचं काम टाकलं. केतनभाईंशी कडाक्याचं भांडण झालं, ते सांगत नाही. दुपारनंतर आम्ही दोघं कतारगामला जायचो. मी वंदनाच्या खुर्चीवर बसून रक्तपेढीचं कनेक्शन चालू ठेवायची आणि आबा बाजूला स्टुलावर. मॅनेजर येताजाता नाक मुरडायचा. पहिल्या संध्याकाळी आम्हाला निघायला सांगण्यात आलं तेव्हा अजून उजेड होता आणि काही झालं नव्हतं. दुसऱ्या संध्याकाळी आबांनी हट्टाने बसून घेतलं. बाहेर अंधारायला लागलं, आयाबाईने ओसरीवरचा दिवा लावला, आणि माझ्यासमोरचं पान अडकलं. मॉडेमवरचा लाल दिवा विझला.

मी सवयीने नंबर लावायला गेले. "हात काढा," आबा म्हणाले. ते उठून दारात गेले आणि कान देऊन उभे राहिले. रस्त्यावर रिक्षा होत्या, आतल्या खोलीत एक बाळ रडत होतं आणि वरून, घरातून, आरतीची घंटा ऐकू येत होती.

आबांनी चपला काढल्या आणि जिना चढायला लागले. मी मागोमाग गेले. वरच्या खोलीचं दार उघडंच होतं. डॉक्टरांची आई, घरातले सगळे त्यांना बा म्हणायचे, देव्हाऱ्यासमोर उभी राहून आरती म्हणत होती. ऐंशीच्या घरातली, पांढरं लुगडं, आवाज कापरा पण सुरात. बाजूच्या तिपाईवर फोन होता. त्याचा रिसीव्हर उचलून शेजारी ठेवला होता, चार पदरी घडी केलेल्या लाल कापडावर.

आबा हात जोडून दारात उभे राहिले. आरती संपली. बांनी देवाला हात लावला, मग वळून रिसीव्हर कापडासकट उचलला आणि फोनवर ठेवला. आम्हाला बघून त्या हसल्या. आबा नुसते नमस्कार करून खाली आले. मी नंबर लावला आणि तो लगेच लागला.

मला तर ओरडावंसं वाटत होतं. सापडलं होतं! खालची लाइन आणि वरचा फोन एकाच वायरीवर होते. वर रिसीव्हर उचलला की खालचं कनेक्शन तुटायचं आणि तो खाली ठेवीपर्यंत नंबर लागायचा नाही. आरती दिवेलागणीला, म्हणून वेळ ऋतूप्रमाणे पुढेमागे सरकायची. खाली त्या वेळी रोजच कनेक्शन लावलेलं नसे, म्हणून तक्रारही रोजची नव्हती. आणि मधले दोन महिने? आयाबाईने सांगितलं, बा लेकीकडे बारडोलीला गेल्या होत्या. केतनभाईंचा मॉडेम म्हणजे कावळा बसायला अन् फांदी तुटायला एकच गाठ.

मोपेडपाशी येऊन आबा स्टूल बांधायला लागले आणि बांधलेली गाठ सोडून पुन्हा बांधत राहिले.

"आबा, वंदना सुटली!" मी म्हटलं. "उद्या लिहून द्या. कारण, बांची आरती."

"बसवताना मी वायर धरून जिन्यापर्यंत आलो होतो," आबा म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, वर घर आहे, बायका जेवायला बसल्यात, वर बघण्यासारखं काही नाही. मलाही संकोच वाटला. कुणाच्या स्वयंपाकघरात कसं शिरायचं? पहिल्या पायरीवरून मी मागे फिरलो. दुसऱ्या टोकाला हात लावला नाही अहो मी."

"पण रिसीव्हर तुम्ही उचलत नव्हता. त्या उचलत होत्या."

"फोन त्यांचा. घर त्यांचं. आरतीत घंटी वाजू नये म्हणून त्या वर्षानुवर्षं उचलतात. खाली कुणाचा जीव त्या वायरीवर टांगलाय, हे त्यांना कोण सांगणार होतं? ते काम माझं होतं."

मी वाद घातला. शेठजींच्या तक्क्याची आठवण करून दिली. म्हटलं, तेव्हा कारणाला मानमरातब नव्हता, आता कुठून आला? त्यांनी ऐकून घेतलं. "तेव्हा मी अर्ध्यावर थांबून कारण लिहिलं," ते म्हणाले. "तक्क्याच्या मागे सांधा ठेवला कोणी, ते विचारलंच नाही." माझा राग गेला नाही. खरं सांगायचं तर अजूनही थोडा आहे.

दोन दिवसांनी दुपारी डॉक्टरांच्या खोलीत सगळे जमले. रक्तपेढीचे एक विश्वस्त, केतनभाई, मॅनेजर, वंदना आणि तिचे वडील. बळीरामला आबांनी स्वतः जाऊन बोलावून आणलं होतं. तो दाराशी उकिडवा बसला होता, कितीही सांगितलं तरी खुर्चीवर आला नाही.

आबा उभे राहून बोलले. आधी हिंदीत, मग बळीरामकडे वळून मराठीत. "वंदनाताईंनी बटण दाबलं होतं. मागणी निघाली आणि वाटेत लाइन तुटली. या मशीनच्या वायरीला एक फाटा वर जातो. जोडणी करताना तो मी तोडायला हवा होता. मी वर जाऊन पाहिलंच नाही. चूक माझी आहे."

डॉक्टरांनी एकदम मान वर केली. वर काय होतं ते त्यांना समजलं. "लेकिन ऊपर तो बा..." ते बोलायला लागले.

"ऊपर का सिरा मैंने नहीं देखा, डॉक्टरसाहब," आबा म्हणाले. "बस इतनी ही बात है."

मग बळीराम बीडकडच्या बोलीत म्हणाला, "म्हंजी तुमच्या हातून झालं म्हना की."

"हो," आबा म्हणाले.

मला वाटलं तो आता अंगावर येईल. केतनभाई पुढे सरकले सुद्धा. पण बळीराम आबांकडे नुसता बघत राहिला. "समदे म्हनत्यात, आमच्याकडं कायबी झालं न्हाई," तो म्हणाला. "तुमी झालं म्हनलात." मग त्याने उपरणं तोंडाला लावलं आणि रडला. एवढ्या दिवसांत तो पहिल्यांदाच रडला, असं त्याच्या भावाने नंतर सांगितलं.

वंदनाचे वडील तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे होते. त्या हाताला सुताचा तंतू चिकटला होता, तो तिने काढला. डॉक्टर म्हणाले, बेटा, अपनी जगह पे बैठ. मॅनेजर खिडकीबाहेर काहीतरी बघत होता. विश्वस्तांनी केतनभाईंना बाहेर नेलं, आणि पुढे काय होणार ते केतनभाई परत आले तेव्हा त्यांच्या तोंडावर दिसत होतं. रक्तपेढीचं काम गेलं आणि आबाही गेले. केतनभाईंना ते सांगावं लागलं नाही. आबांनी खिशातली ऑफिसची किल्ली तिथेच त्यांच्या हातात दिली.

"आता वायर तोडतो," ते मला म्हणाले. "पक्कड द्या."

वर गेलो तेव्हा ऊन उतरलं होतं. बा वाती वळत बसल्या होत्या. आबांनी तिपाई बाजूला केली आणि फोनची वायर भिंतीतून सोडवायला लागले.

"शुं करो छो, भाई?" बांनी विचारलं.

आबा त्यांच्याशी मोडक्यातोडक्या गुजरातीत बोलले. हा फोन काढतो आहे, बा. डॉक्टरसाहेब तुम्हाला वेगळी लाइन घेऊन देणार आहेत.

"सारुं थयुं," बा म्हणाल्या. "आरती टाणे ज वागे छे मुओ. हुं तो उपाडीने बाजुमां मूकी दउं छुं." मेला नेमका आरतीच्या वेळी वाजतो, म्हणून त्या उचलून बाजूला ठेवत. हातातली वात तशीच राहिली. मग जिन्याकडे बघत त्यांनी विचारलं, "नीचे कोईने तकलीफ तो नहोती पडती ने, भाई?"

आबांची पक्कड वायरीवर होती.

"ना, बा," आबा म्हणाले. "कोईने नहीं."

त्यांनी वायर तोडली. बांनी देव्हाऱ्यातल्या वाटीतून खडीसाखर काढून त्यांच्या तळहातावर ठेवली, माझ्याही ठेवली आणि जय श्रीकृष्ण म्हणाल्या.

जिन्याच्या मधल्या पायरीवर आबा एकाएकी खाली बसले. मी घाबरून त्यांचा दंड धरला, तर ते रडत होते, आवाज न करता, खडीसाखरेची मूठ कपाळाला टेकवून. मी त्यांच्या शेजारी बसले. खालून वंदनाचा आवाज येत होता. तिने मागणी पाठवली होती आणि शिवाय ती मिळाली का, असं दवाखान्याच्या फोनवरून रक्तपेढीला खणखणीत विचारत होती, "मळी गई? जुओ ने बराबर. मळी गई?"

पलीकडच्याने हो म्हणेपर्यंत तिने फोन ठेवला नाही.